कबुतरांसाठी टांगलेली बारी

डीव्हीडी रायटर घेतलाय मी. हो, आत्ता, ह्या दिवसांत. लॅपटॉपला बाहेरून लावायचा, काळा, चपटा, डब्याच्या झाकणाएवढा. हसून घ्या. आमच्या मजल्यावर सगळ्यांचं हसून झालंय. ओम्या, माझा धाकटा भाऊ, त्यानं तर देवाच्या फोटोचा हार काढून त्या खोक्याला घातला आणि म्हणाला, "ह्याच्यावर पेजर फ्री मिळाला का गं?"

पण त्याचं बटण दाबलं ना, की ट्रे बाहेर येतो. टक्. तो आवाज! कसं सांगू! त्या एका टक्मध्ये आमची करी रोडची अख्खी खोली आहे. टीव्हीखाली सीडी प्लेअर, प्लेअरवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकचा राजहंस, आणि प्लेअर तापला की राजहंसाच्या पोटाखालून येणारा तो जळका, गोडसर वास. रविवारची दुपार, बांगडा तळल्याचा धूर अजून खोलीत, आईचे हात सोलकढीच्या नारळात, बाबा बनियनवर. ट्रे बाहेर, टक्. सीडी बनियनला पुसायची. ट्रे आत. मग ती निळी स्क्रीन. चित्र यायच्या आधी त्या निळ्याकडे बघत आम्ही चौघं जेवढे गप्प बसायचो तेवढे पुढे कधीच बसलो नाही. आता घरात गप्प बसणं पुष्कळ आहे, पण ते वेगळं.

थांबा, सरळ सांगते, नाहीतर मी अशीच वाहत जाईन.

मागच्या थंडीत बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याखाली एक भोक आहे, श्वास तिथूनच येतो आणि जातो. त्याच्यावर आई मलमलचा तुकडा शिवून बांधते, बाळाला लाळेरं बांधतात तसा. बोलायला बाबांकडे पाटी आहे. पोरांची असते ना ती, काळी स्क्रीन, प्लॅस्टिकची पेन्सिल, लिहिलं की हिरवं उमटतं आणि खालचं बटण दाबलं की सगळं एका झटक्यात गायब. त्यावर ते लिहितात. "मीठ कमी." "पंखा." "ओम्याला सांग ओरडू नको, मी मुका झालोय, बहिरा नाही."

हॉस्पिटलनं स्कॅनच्या सीडी दिल्या होत्या, पांढऱ्या पाकिटांत. त्या गादीखाली होत्या, कारण घरात त्या वाचणारं यंत्रच नव्हतं. प्लेअर कधीच भंगारात गेला, राजहंस तेवढा उरलाय. पण रायटर मी त्या सीडींसाठी घेतला नाही. घेतला एका वेगळ्या सीडीसाठी. ती गॅलरीत होती. टांगलेली.

कबुतरांचं तुम्हाला सांगायला नको. आमच्या चाळीत कोणीतरी कधीतरी शोध लावला की सीडी टांगल्या की चमकतात आणि कबुतरं घाबरतात. झालं! गॅलरीभर सीडी. लग्नाच्या, बारशांच्या, कोणाच्या कॉम्प्युटर क्लासच्या, कोणाच्या मोडलेल्या साखरपुड्याची सुद्धा. नवरा-बायको भांडले की रागानं लग्नाची सीडी बाहेर टांगायचे, मिटलं की आत घ्यायचे, तावडेकाकूंची तर सारखी आत-बाहेर असायची. कबुतरं मात्र अजिबात घाबरायची नाहीत. सीडीच्या शेजारी बसून, तिच्यात स्वतःचं तोंड बघून, शांतपणे घाण करायची. तरी कोणी काढायचं नाही. लावलंय ना, मग राहू दे.

आमची गॅलरी उत्तरेची. तिच्यात ऊन कधी नव्हतंच. समोर आधी मिल होती, मग नव्हती, मग पत्रे लागले, मग टॉवर वर जायला लागला. ज्या मे महिन्यात त्या टॉवरला काचा लागल्या त्या मे महिन्यात आमच्या घरात पहिल्यांदा ऊन आलं. उसनं ऊन, काचेवरून उलटून आलेलं, दुपारी थोडाच वेळ. ते आमच्या सीडीवर पडलं आणि खोलीभर ठिपके सुटले. जांभळे, हिरवे, नारिंगी! छतावर, देव्हाऱ्यावर, मोरीच्या पडद्यावर, कॉटवर झोपलेल्या बाबांच्या पोटावर. वारा आला की सीडी फिरायची आणि ठिपके पळायचे. मी आणि ओम्या त्यांच्या मागे. ठिपका हाताखाली दाबला की आउट, असा नियम. पण ठिपका हाताखाली येतो का? तो हाताच्या वर येऊन बसतो! मग रोज तेच भांडण.

"आउट!"

"आउट नाही, वर आहे तो!"

"झाला आउट, चिटर!"

"बाबांना उठवू का?"

बाबांना कोणी उठवायचं नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे. ठिपके त्यांच्या पाठीवरून चालायचे.

मे महिना म्हणजे आमच्याकडे मिरची. लालबागला मसाले कुटायचे डंख सुरू झाले की तो वास करी रोडपर्यंत यायचा आणि सगळ्या मजल्यांवर लोक खोकायचे. आई पण गॅलरीत साडीवर मिरच्या वाळत घालायची. बाबा तोंडाला ओला पंचा बांधून बसायचे आणि तिच्याकडे बघायचे. नुसते बघायचे. तिला कळायचं आणि ती मुद्दाम एक मिरची मोडून वास घ्यायची. बाबांच्या खिशात ज्येष्ठमधाची कांडी आणि खडीसाखरेची पुडी कायम. त्यांच्या शर्टाला तो वास होता, गोड, लाकडासारखा. गाणं सोडून वर्षं झाली होती, का सोडलं ते आमच्याकडे कोणी बोलत नाही, पण गळा जपणं सोडलं नव्हतं. बंद पडलेल्या दुकानाचं कुलूप लोक येता-जाता ओढून बघतात, तसं ते दिवसभर खाकरायचे. दोन छोटे, एक लांब. जेवायच्या आधी, फोन घ्यायच्या आधी, रागवायच्या आधी. जिन्यात ते दोन छोटे, एक लांब ऐकू आले की पोरं क्रिकेट थांबवायची, बुवा आले. मग हळूहळू ते खाकरणं वाढलं. पण इतक्या वर्षांची सवय! घरात कोणालाच ते वेगळं वाटलं नाही, बाबांनाही नाही.

हो, बुवा. बाबा भजनी बुवा होते. आणि त्या सीडीवर त्यांची बारी होती, डबलबारी.

माहीत नसेल त्याच्यासाठी. दोन बुवा समोरासमोर बसतात, दोन पेट्या, दोन पखवाज, दोघांच्या पाठीमागे आपापली पोरं. पहिल्या ओळीत देवाचं नाव आणि दुसऱ्या ओळीपासून एकमेकांची सालटी काढायची. शिवी द्यायची नाही, ते सोपं झालं. कोणाचं टक्कल, कोणाचा बाप, कोणाची बायको माहेरून आलीच नाही, सगळं गजरात, तालात, टाळ्यांसकट. एक सोलून झाला की दुसऱ्यानं जागच्या जागी उत्तर जुळवून गायचं. नाही सुचलं तर तो संपला. परळ-लालबागची आमची कोकणातली माणसं बारीला अशी जातात की काय मॅच! आणि घरी येताना कोण किती छान गायला असं कोणी म्हणत नाही. कोणी कोणाला कसा फाडला तेच.

बाबांच्या समोर होते घोडपदेवचे बुवा. त्यांनी आधी गायलं आणि बाबांच्या गळ्यावरच गजर केला. ती ओळ मला पाठ आहे, कारण शाळेत पोरं माझ्या मागे चालत ती म्हणायची :

लालबागच्या बुवा, तुझो गळो फुटको माठ
सकाळपासून सूर भरतंस, सांजेक कोरडो काठ

माझ्या प्रगतीपुस्तकावर सही करायला बाबा शाळेत आले तरी मागच्या बाकावरून बारीक आवाजात, फुटको माठ, फुटको माठ. एका सरांना पण हसू आलेलं मी बघितलंय.

पण बाबांनी उत्तर दिलं होतं! असं उत्तर की पब्लिक उभं राहिलं, घोडपदेवच्या बुवांची पेटी अर्ध्यात थांबली. हे मी लहानपणापासून ऐकतेय. फक्त ते उत्तर काय होतं हे कोणी सांगत नाही. खालच्या मजल्यावरचे साटमकाका तिथे पहिल्या रांगेत होते, त्यांना मी दर गणपतीत विचारायचे.

"अगं, काय उत्तर दिलं तुझ्या बापानं! मी शिट्टी मारली तर माझा दात पडला!"

"पण काय उत्तर दिलं, काका?"

"माठावरच होतं. तोच माठ उचलला आणि घातला त्याच्या डोक्यात. म्हणजे शब्दांत घातला."

"शब्द काय होते?"

"शब्द कोण लक्षात ठेवतो गं? दात लक्षात आहे."

आईला विचारून उपयोग नव्हता. ती तिथे होती, पण गजरापर्यंतच. मी काही महिन्यांची, तिच्या मांडीवर, आणि आम्हाला बसवलेलं लाऊडस्पीकरच्या बाजूला. मी जी रडायला लागले ती थांबेना. बाबांचं उत्तर सुरू व्हायच्या आधी आई मला घेऊन उठली आणि घरी आली. एवढंच ती सांगते, आणि तेही केस विंचरताना, कंगवा जरा जोरात ओढत.

तर ही ती सीडी. गॅलरीत इतकी वर्षं लटकली आणि आम्हाला पत्ता नाही, कारण छापलेली बाजू भिंतीकडे होती आणि आम्ही बघायचो चमकणारी बाजू. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, कबुतरांची घाण गळ्याला चालणार नाही, जाळी लावून घ्या. म्हणून ओम्या स्टुलावर चढून दोरे कापत होता आणि एकेक सीडी खाली माझ्या हातात देत होता. एक मी उलटी केली. रंग उडालेला, कडेनं पापुद्रे. एका बाजूला अंगठ्या घातलेले जाडे बुवा, दुसऱ्या बाजूला पेटीवर बाबा. तरुण, भरपूर केस, तोंड पूर्ण उघडं.

"आई! ही बाबांची बारी आहे! तू ही कबुतरांना लावलीस?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "मी नाय लावली. त्यांनीच दिली."

"बाबांनी?"

"मी म्हटलं, एखादी टाकाऊ असेल तर द्या. कपाट उघडून हीच काढली. म्हणाले, ही लाव. बायको उठून जाते, कबुतरं तरी उडून जातील."

बाबा कॉटवर बसले होते. पाटी मांडीवर होती. पेन्सिल त्यांनी उचलली नाही, समोरच्या टॉवरकडे बघत राहिले.

आणि मला काय आठवलं असेल? ठिपके! मी आणि ओम्या मे महिनाभर छतावरून, भिंतीवरून ज्याच्या मागे धावत होतो ते काय होतं? बाबांचा आवाज होता तो! उन्हात सुटलेला, रंगीत, हाताला न लागणारा, आणि ज्याचा होता तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी हे ओम्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू जरा झोप काढ."

पण मला ते उत्तर ऐकायचं होतं. कळतंय ना? बाबांचा आवाज म्हणून आमच्याकडे आहे काय? ओम्याच्या फोनमध्ये चुकून रेकॉर्ड झालेलं "हां, ठेव आता." व्हॉइस नोट त्यांनी आयुष्यात पाठवली नाही. आणि गाताना तर मी त्यांना ऐकलेलंच नाही, ऐकलं तेव्हा मी माझंच रडत होते. दुसरी सीडी मिळते का ते पण बघितलं. ऑनलाइन काही नाही. घोडपदेवचे बुवा केव्हाच वारले, त्यांच्या मुलाला फोन लावला. तो अगदी आनंदात म्हणाला, "अरे हो, होत्या ना खूप! पोरांनी सायकलच्या चाकाला लावल्या. काय दिसायच्या!"

मग मी रायटर शोधायला लागले. आठवडाभर रिव्ह्यू वाचत होते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. एक ट्रेवाला, एक फटीतून सीडी गिळणारा. गिळणारा काय देखणा! चांदीचा रंग, कुठे बटण नाही. एकाला एक वायर, एकाला दोन तोंडांची वायर. एकजण लिहितो अप्रतिम, खालचा लिहितो माझ्या बारशाची सीडी चावून खाल्ली. शेवटी म्हटलं जाऊन बघू, आणि गेले गिरगावच्या बाजूनं लॅमिंग्टन रोडला. तो वास तुम्हाला माहितीय? सोल्डरिंगचा धूर, उदबत्ती, नव्या वायरींचं रबर. कॉलेजात असताना बाबा मला तिथे लॅपटॉप घ्यायला घेऊन गेले होते. दुकानदाराशी घासाघीस करायच्या आधी दोन छोटे, एक लांब.

ह्या वेळी काउंटरला एक हसतमुख, भयंकर माणूस होता.

"एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह आहे का?"

तो मान वळवून आत ओरडला, "ए, बाहेर ये, सीडीवाली आलीय!" आतून कोणीतरी खरंच बघायला आलं.

"फक्त वाचणारा पाहिजे," मी म्हटलं. "लिहायचं काही नाहीये."

"नुसता वाचणारा आता कोण बनवतं ताई? वाचतो तो लिहितो पण. रायटरच घ्यायचा. आत्ता कोण घेतात माहितीय? एक हॉस्पिटलवाले, एक घटस्फोटवाले. तुम्ही कशातल्या?"

"भजन आहे."

"अरे देवा." त्यानं माझ्या हातातून सीडी घेतली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. "चाळण झालीय की हो."

मी पण बघितलं. कडेकडेनं चांदी उडून बारीक बारीक भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकातून ट्यूबलाइट दिसत होती. मधला भाग मात्र छान गुळगुळीत.

"सीडी आतून बाहेर वाचतात," तो म्हणाला. "म्हणजे सुरुवात मिळेल, शेवट गेला समजा. शेवटी कोण आहे?"

"माझे बाबा."

"मग सुरुवातीला जो आहे त्याला ऐका."

आतला माणूस हसला. मी पण हसले, का ते माहीत नाही. मी गिळणारा मागितला तर म्हणाला, "नको, ही आत फुटली तर पोटात राहील, ऑपरेशन करावं लागेल." मग मी ट्रेवाला घेतला, दोन तोंडांच्या वायरचा, माझ्या लॅपटॉपचं एक तोंड अशक्त आहे म्हणून. त्यानं वरून कोऱ्या सीडींचा गठ्ठा टाकला, पडूनच आहेत, न्या म्हणाला. आणि मी वेडी, टॅक्सीत बसून वाटणी करत होते! एक कॉपी गावच्या आत्याला, तिच्याकडे प्लेअर आहे. एक साटमकाकांना, दाताच्या आठवणीत. एक माझी. शेजारच्या दुकानातून मार्कर पण घेतला होता, काळा, सीडीवर लिहायचा.

घरी सगळे जमले. साटमकाका आधीच येऊन बसलेले, हातात टूथपेस्ट. पांढरी पेस्ट चोळली की सीडी चालते, हे आमच्या चाळीचं शास्त्र. आईनं खोबरेल काढून ठेवलेलं. ओम्या म्हणाला, आधी चालतो का बघू, आणि त्यानं गादीखालची स्कॅनची सीडी टाकली.

काय चालली! न अडकता, न कुरकुरता. बाबांचा गळा, करड्या रंगात, पडवळाच्या चकत्या कराव्यात तसा चकतीचकतीनं. ओम्या बोटानं खाली-खाली जात होता. जीभ, मग अंधार, मग दोन बारीक पांढऱ्या रेषा, आणि एका रेषेला चिकटलेली ती गाठ.

"ह्याच्यातनं गायचा तुम्ही?" ओम्यानं विचारलं.

बाबांनी पाटीवर लिहिलं, "ह्याच्यातनं शिव्या द्यायचो."

सगळे हसले, बाबा पण. बाबांच्या हसण्याला आवाज नाही, नुसती ती मलमल आत-बाहेर होते.

मग बारी. आईच्या धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यानं मी ती मधून कडेकडे पुसली. ट्रे आत. रायटर घरघरला, थांबला, परत घरघरला, आणि तीच निळी नाही पण काळी स्क्रीन, आणि तीच आमची शांतता. आणि चित्र आलं! पिवळा पडदा, ट्यूबलाइटींची रांग, माइकला झेंडूचा हार. घोडपदेवचे बुवा, अंगठ्यांसकट, काय आवाज त्या माणसाचा! लख्ख. एक ओरखडा नाही. लालबागच्या बुवा, तुझो गळो फुटको माठ. मागे पोरं टाळ्या देतायत, पब्लिक पोटं धरून. सकाळपासून सूर भरतंस. कॅमेरा पब्लिकवर फिरला आणि तिथे आई. आई! केसांत अबोली, किती बारीक, आणि मांडीवर एक गुंडाळी, तोंड उघडलेली. ती मी. आई उठली. पदर सावरला, गुडघ्यांमधून वाट काढत निघाली, आणि कॅमेरा तिच्या पाठीवर थोडा वेळ थांबला, मग बाबांवर आला. बाबा पण तिकडेच बघत होते. जिकडे ती गेली तिकडे.

खोलीत कोणी आईकडे बघितलं नाही.

मग स्क्रीनवर बाबा हसले. एक हात वर करून पब्लिकला गप्प केलं. पेटीचा भाता उघडला. आणि खाकरले. दोन छोटे, एक लांब.

कॉटवर बाबांची छाती हलली. गळ्यावरची मलमल फडफडली. दोन छोटे, एक लांब. आवाज नाही.

स्क्रीनवर त्यांनी तोंड उघडलं, आणि चित्राचे चौकोन झाले. हिरवे, गुलाबी. त्या चौकोनांत त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. रायटर आत टक टक टक टक करत राहिला.

परत लावली. तिथेच. टूथपेस्ट लावली, पुसली. तिथेच. खोबरेल लावलं, तर घोडपदेवचे बुवा पण अडकायला लागले. खोलीभर मिंट आणि नारळाचा वास आणि ते टक टक. मी रडत नव्हते, मी बटणं दाबत होते, एकामागून एक, सगळी.

तेव्हा साटमकाका कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, आपण कसले मूर्ख! बुवा स्वतः बसलेत ना समोर! बुवा, तुम्हीच लिहा की! पाटी आहे!"

खरंच की! इतके महिने पाटी घरात, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही! मी उडी मारून पेन्सिल दिली. बाबांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. हात चोळले, पेटीवर ठेवायच्या आधी चोळतात तसे. पाटी छातीकडे धरली आणि लिहायला लागले. डाव्या हाताची बोटं कॉटच्या दांडीवर ठेका धरत होती. ओठ हलत होते. एक ओळ, दोन, थांबले, स्वतःशीच मान हलवली, परत. खांदे हसण्यानं गदगदत होते. ओम्यानं वाकून बघितलं तर त्याच्या टाळक्यात पेन्सिल. सगळं उत्तर त्यांना येत होतं! शब्द न् शब्द! इतक्या वर्षांनी!

लिहून झालं. त्यांनी मान वर केली आणि आईकडे बघितलं, फक्त आईकडे. आणि बटण दाबलं.

पाटी काळी.

मग त्यांनी एकच ओळ लिहिली आणि पाटी तिच्याकडे फिरवली. "तेव्हा ऐकायचं होतं."

आई रागात किंवा दुःखात असली की मालवणीवर येते. ती जागची हलली नाही. "चेडू रडत होतां," एवढंच म्हणाली.

बाबांनी बटण दाबलं. साटमकाका टूथपेस्ट उचलून घरी गेले.

त्यानंतर मी विचारलंय. सकाळी चहा देताना, गोळ्या देताना, पाया पडून, भांडून. ते "पंखा" लिहितात. ते "मीठ कमी" लिहितात.

जाळीवाला अजून आलेला नाही. दोरे कापलेले कळल्यावर कबुतरं सरळ आत यायला लागली, एक तर बाबांच्या उशीवर. मग आज सकाळी बाबा स्वतः स्टुलावर चढले, ओम्यानं पाय धरले, आणि त्यांनी ती बारीची सीडी परत बांधली. छापलेली बाजू भिंतीकडे. आई खालून म्हणाली, "ती कशाला? चमक गेलीय तिची. हिनं आणलेल्या कोऱ्या पडल्यात." आणि माझ्या गठ्ठ्यातली एक काढून, भोकातून दोरा ओवून, तिनं ती बाजूला टांगली. ओली हळद पुसावी तसे हात पदराला पुसले आणि आत गेली.

मी हे दारात बसून टाइप करतेय. दुपार आहे. टॉवरवरून ऊन आत्ताच उलटून आलं आणि ठिपके सुटलेत, देव्हाऱ्यावर, पडद्यावर, बाबांच्या पोटावर. कुठला ठिपका कोऱ्या सीडीचा आणि कुठला बारीचा, मी मघापासून बघतेय, कळत नाही. दोन्हींचे रंग सारखेच आहेत. एक नारिंगी ठिपका भिंतीवरून माझ्याजवळ आला, तर मी उगाच, लहानपणीसारखा, त्याच्यावर पटकन हात दाबला.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत असं वाटलं होतं मला, तेव्हा वाटायचं तसंच. त्यांनी कूस बदलली, पाटी घेतली, लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

"आउट नाही."

आणि बटण दाबलं.